मावा जिलबी आणि केळीचा घड

बुऱ्हाणपूर, १९५७

ती. दादास रजनीचा नमस्कार.

माझ्या लग्नात ह्यांचा कान पिळताना तू म्हणाला होतास, "पाव्हणे, पोटातलं माझ्या बहिणीला सांगत जा, नाहीतर दुसराही पिळीन." आज तेच आठवलं. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? इकडे सर्व ठीक, म्हणजे हे घरी आले आहेत.

घाबरू नकोस, पळून नाही आले. केळीच्या वॅगनमध्ये गांजा सापडला, तेव्हा वखारीचे मुनीम म्हणून हेच धरले गेले. शिक्षा अजून अर्धी बाकी आहे. पण ह्या नव्या राज्यात म्हणे, माल कुणाचा ते जो पोलिसांना सांगतो त्याला लवकर पॅरोल मिळतो. ह्यांनी सांगितलं. (घरातलं मीठ संपलं तरी तोंड न उघडणारा माणूस!) नाव कुणाचं, ते मात्र मला सांगत नाहीत; पोलिसांनीही अजून कुणाला धरलेलं नाही. "तुला झोप लागायची नाही," म्हणतात आणि स्वतः घोरतात.

आता गल्लीचा तमाशा ऐक. नळावर माझी घागर दिसली की स्वतःची उचलून नेणाऱ्या मथुराबाईने मावा जिलबी पाठवली. मोतीलालशेठ तर द्रोण घेऊन स्वतःच आले. "प्रभाकरराव, अपना तो नाम निकला नहीं ना?" असं विचारून ह्यांच्या तोंडाकडे बघत बसले. हे नुसते हसले. दुसऱ्या दिवशी शेठकडून दुप्पट जिलबी! तेव्हापासून जो गोड पाठवील त्याच्यावर माझा संशय. गल्लीत निर्दोष एकटी सोजरबाई उरली, कारण ती अजून शिव्याच देते. मला तिचाच काय तो आधार.

ह्यांचे केस पार पांढरे झालेत रे. जेवताना ताटाभोवती हात धरून बसतात, कुणी ओढून नेईल असे. हे ज्याच्यापायी झालं, त्याचं तोंड मला एकदा बघायचं आहे.

तुझी,
रजनी

ता. क. तुझा केळीचा घड पोचला. तुमच्या फोपनारचा गाडीवान म्हणाला, "ताईंना नाही, भाऊजींना द्या, असं दादांनी बजावलंय." हे तुरुंगात असताना तू एक फणीही पाठवली नव्हतीस. ह्यांनी घडाला हात लावलेला नाही.

आणखी एक. दादा, ये. ह्यांचा दुसरा कान पिळायचा राहिलाय. माझ्यासमोर पीळ आणि ते नाव विचार. तू यायचा नाहीस, असं मन सांगतं. तरी घड आढ्याला तसाच टांगलाय. काळा पडायच्या आत ये.