सिलिंडर तपासल्याची सही

ता. १४, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुमचं पाकीट परवाच हाती पडलं. कळवायला दोन दिवस लावले, रागावू नका. वहिनींचा गुडघा काय म्हणतोय? त्यांना म्हणावं, जिना चढायचा नाही म्हणजे नाही. इकडे तुमच्या जागी नवा ड्रायव्हर आलाय. माणूस गुणी आहे, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. नऊ वर्षं तुमच्याशी अॅम्ब्युलन्समध्ये बडबडायची सवय, आता मी एकटीच बोलते आणि तो आरशातून माझ्याकडे बघतो.

व्हिसाचं सगळं जमत आलंय. तिकडच्या सरकारला अॅम्ब्युलन्सवरच्या नर्स हव्या आहेत, आगीच्या बंबावरची माणसं हवी आहेत, म्हणून आमच्या ह्यांनी आणि पोरीने घर डोक्यावर घेतलंय. वयाचे गुण, शिक्षणाचे गुण, इंग्रजीचे गुण. दहावीलासुद्धा मी गुणांचा एवढा धसका घेतला नव्हता. शुक्रवारी मुदत संपते. पुढच्या महिन्यात मला चाळीस पूर्ण होतात, मग वयाचे गुण कमी आणि सगळंच मुसळ केरात. राहिलं होतं ते सोबत काम केलेल्या माणसाचं प्रमाणपत्र. तेही तुम्ही पाठवलंत. पण मी अजून ते पुढे पाठवलेलं नाही. ह्यांना सांगितलं, स्कॅनर बिघडलाय.

खरं सांगू? तुमचं अक्षर बघून रडू आलं. तुम्ही प्रत्येक ओळीपुढे खूण केलीत. ‘गाडीतली उपकरणं रोज स्वतः तपासते’ याही ओळीपुढे. तिथे तुमचा हात कसा चालला, दादा?

त्या सकाळबद्दल आपण कधीच बोललो नाही. तुम्ही स्टोअरमधून ऑक्सिजनचा सिलिंडर आणून बसवलात, मला म्हणालात काटा बघून घ्या, आणि टायरमध्ये हवा भरायला गेलात. काटा बघणं माझं काम. नेमका तेव्हाच ह्यांचा फोन आला की व्हिसासाठीच्या कामांची यादी लागली, त्यात आपलं काम आहे. मी फोन कानाला लावूनच तक्त्यावर सही ठोकली. काट्याकडे बघितलंच नाही.

तासाभरात त्या म्हाताऱ्या बाईंना घेऊन निघालो आणि सिलिंडर रिकामा निघाला. अकरा मिनिटं मी नुसता श्वास द्यायचा फुगा दाबत होते. तुम्ही गाडी अशी हाणलीत की विचारू नका, तरी हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत त्या गेल्या होत्या.

चौकशीत तुम्ही सांगून टाकलंत की “सिस्टरांनी तपासलेला सिलिंडर वेगळा होता, मी नंतर घाईत चुकीचा बसवला.” मी समोरच बसले होते. तोंडातून ब्र काढला नाही. निवृत्तीला आठ महिने असताना तुम्हाला घरी बसवलं. बाहेर त्या बाईंच्या मुलाने तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं आणि माझ्यापुढे हात जोडले, म्हणाला, तुम्ही फार केलंत. मी मान हलवली, दादा. आठवलं की स्वतःची किळस येते. आणि तुम्ही पार्किंगमध्ये एवढंच म्हणालात, “आमचं सगळं झालं. तुमचं अजून व्हायचंय.”

आज सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, “शुक्रवार जाऊ दे. व्हिसा हातात आला की तिथून कबुलीचं पत्र लिही.” माणूस वाईट नाही हो. मलाही ते पटायला लागलं, आणि त्याचीच भीती वाटली. तशीच उठले, ऑफिसला गेले आणि साहेबांच्या टेबलावर लेखी जबाब ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, चौकशी परत उघडेल. नोकरी राहील का, हे त्यांनाही सांगता येईना. व्हिसाच्या अर्जात चौकशीबद्दल प्रश्न आहे, तिथे हो लिहिणार आहे. सकाळपासून अन्न गोड लागत नाही.

सोबत जबाबाची प्रत आहे. तुमचं प्रमाणपत्रही परत पाठवते आहे, ते मला वापरता येणार नाही.

आठवड्याभरात तुम्हाला बोलावणं येईल. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तिथे जाऊन परत काहीतरी जुळवून सांगाल, माझ्या पोरीचं कारण पुढे कराल. पाया पडते दादा, या वेळी मला वाचवू नका.

तुमच्या गाडीवरची,
सिस्टर