डाव्या कानाची वीज

सोमवार, ४ तारीख
कारखान्यात बिनझाकणाच्या तीन बाटल्या माझ्यासमोरून पुढे गेल्या, म्हणून मला चेकिंगच्या खुर्चीवरून उठवून खोके दुमडायला बसवलं. एकोणीस वर्षं काढली मी त्या खुर्चीत. सुपरवायझर म्हणतो, मावशी, तुमचं लक्ष नसतं. स्वतःच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली ह्याला कळत नाहीत. माझं लक्ष चारी बाजूंना असतं.

मंगळवार
पुतणी मेंदूच्या लॅबमध्ये आहे. तिथे डोक्याला तारा लावून लक्ष मोजतात म्हणे. माझं लक्ष असतं असा तिच्याकडून कागदच आणते आणि ह्याच्या नाकासमोर धरते. खुर्ची परत देईल मुकाट्याने.

गुरुवार, संध्याकाळ
रजा टाकून गेले. रबरी टोपी, तिला तारा, केसांत चिकट जेल. कालच केस धुतले होते. पुतणी म्हणाली, काकू, उजव्या कानात आकडे येतील, त्यातले सात मोजायचे. डाव्या कानात एक बाई बोलेल, तिला सोडून द्यायचं. ज्या आवाजाकडे लक्ष, त्याच्या तालावर मेंदूतली वीज हलते. मी म्हटलं, माझी दोन्हीकडे हलेल, तुझं मशीन टिकतंय का बघ.
सातचा आकडा चौदा वेळा आला. सोप्पं. डावीकडच्या बाईच्या कपाटाची किल्ली हरवलेली. नणंदेनेच लपवली होती, त्या मूर्ख बाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवार
सातचा आकडा एकेचाळीस वेळा होता म्हणे. वीज सगळी त्या बाईमागे. पुतणी म्हणाली, काकू, लक्ष भरपूर आहे, सांगितलं तिथे नाही इतकंच. मी तिच्याकडून कागदावर 'लक्ष भरपूर आहे' एवढंच लिहून घेतलं. शिकलेल्या माणसांना कुठे थांबावं कळत नाही.

सोमवार, ११ तारीख
सुपरवायझरने कागद वाचला. विचारतो, टेस्टमध्ये काय ऐकवलं? सांगितलं सगळं, किल्लीसकट. तो हसला. म्हणाला, तुमच्या शेजारची लेबलवाली दिवसभर सुनेचं सांगत असते, नाही का? कानात बोळे घालून परत खुर्चीत बसा. तीन दिवस बघतो, नाहीतर खुर्ची गेली कायमची.
तीन दिवस कशाला, एक पुरे.

बुधवार
बोळे घातले की लेबलवालीच्या ओठांवरून निम्मंच कळतं. म्हणून नीट बघावं लागतं.
नऊ बाटल्या गेल्या.

गुरुवार
खुर्ची लेबलवालीला दिली. ती बोलते, पण तिचं एक लेबल वाकडं लागत नाही म्हणे.
पुतणीला निरोप धाडला. टोपी घालायच्या आधी तीनच बाटल्या जात होत्या, आता नऊ. तुझ्या तारांनी माझी वीज ओढून घेतली की नाही? शनिवारपर्यंत हो किंवा नाही, एवढंच लिहून दे.