चादरीचं दुसरं टोक

प्रिय टिल्ल्या,

अक्षराला हसू नकोस. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर कागद ठेवून लिहितेय. त्यात इथला दिवा असा आगाऊ, की माणूस जरा स्थिर बसला की विझतो. मग भुताला टाटा करावा तसा हवेत हात हलवायचा, की पुन्हा उजेड. गुडघे कुरकुरतायत, पण त्यांना कोण विचारतं! तू फोन उचलत नाहीस. मेसेजला उत्तर म्हणून ‘मी मजेत’ एवढंच पाठवतोस. मजेत असलेला माणूस इतकं थोडं लिहीत नाही रे. म्हटलं, आता कागदावरच बोलू. इथे मधेच फोन ठेवायची सोय नाही तुला.

मागच्या आठवड्यात आमच्या धुलाईघरावरून गेले. आता चादरींच्या घड्यासुद्धा यंत्रच घालतं म्हणे. मला उगाच वाईट वाटलं. हॉटेलच्या त्या अवाढव्य चादरी, एकटीच्या हाताला कुठल्या ऐकायला! शाळा सुटली की तू यायचास, दप्तर मळक्या कपड्यांच्या ढिगावर भिरकावायचास आणि दुसरं टोक धरायचास. मी ओढलं की तू ओढायचास, चादर ताठ झाली की दोघं चालत एकमेकांकडे यायचो. तुझं टोक जमिनीला लागलं की मुकादम खेकसायचा, आणि तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, काका, जमीनच वर आलीय. तोही हसायचा मेला.

पण एरवी त्याची जीभ कशी होती, ते तुला माहीत आहे. माझ्या शेजारी काम करणारी ती बाई आठवते? त्याचं रोजचं घालूनपाडून बोलणं ऐकता ऐकता एक दिवस ती वाफेच्या प्रेससमोर नुसती थरथरत उभी राहिली. सगळे म्हणाले, नाजूक आहे. घरी येताना तू मला विचारलंस, आत्या, त्या प्रेसला दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय झाकण पडत नाही, म्हणजे हात चिरडत नाही. मग त्या मावशींच्या मनाला काय लावलंय?  तो प्रश्न तू पुढे कधी सोडला नाहीस. त्याच्याच मागे लागून एवढा शिकलास, आणि एका मोठ्या कंपनीनं तुला आपल्या देशोदेशीच्या कचेऱ्या नेमून दिल्या. कामानं माणूस आतून कुठे चिरडतोय, ते वेळेवर ओळखायचं आणि थांबवायचं. शेजारणींना हे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. एकीला वाटतं तू वेड्यांचा डॉक्टर, दुसरीला वाटतं तुला पगार नुसता लोकांशी गप्पा मारायचा मिळतो.

तुझ्या फोनवरून मीही किती शिकले. विचारायचं सगळीकडे तेच, पण उत्तर द्यायची तऱ्हा प्रत्येक ठिकाणची निराळी. एका कचेरीत लोक टेबल आपटून भांडतात आणि संध्याकाळी साहेबाबरोबरच हसत बाहेर पडतात; तिथे आवाज चढला तर घाबरायचं नाही, गप्प झाले तर घाबरायचं. दुसरीकडे मन दुखतं असं म्हणायची पद्धतच नाही. पाठ दुखते, पोट दुखतं, डोळे चुरचुरतात. तिथे पाठदुखीच्या रजांकडे लक्ष ठेवायचं. तिसरीकडे कायदा मालकाच्या मानगुटीवर बसलाय, म्हणून कागद चकाचक आणि माणसं होती तशीच. आणि सगळ्यात लांबच्या त्या कारखान्यात कुणी चकार शब्द काढत नाही. सहन होईनासं झालं की टेबल आवरायला लागतात. खण रिकामा करतात, कप एकाला देतात, छत्री दुसऱ्याला. तू म्हणाला होतास, आत्या, तिथे नीटनेटकं टेबल दिसलं की मी लगेच वर कळवतो.

वरच्या लोकांना मात्र माणसं किती ठीक आहेत याचा साऱ्या जगाचा मिळून एकच आकडा हवा होता. तू भांडलास. मग तुझा कामातला जोडीदार नोकरी सोडून गेला आणि त्याच्या कचेऱ्याही तुझ्याच गळ्यात पडल्या. एकीची सकाळ, दुसरीची रात्र, तुझं स्वतःचं काहीच नाही. मी रागावले की म्हणायचास, एवढा महिना जाऊ दे आत्या. किती महिने जाऊ दिलेस रे!

आणि मग त्या लांबच्या कारखान्याच्या गोदामातला तो माणूस. त्यानं टेबल आवरलंय, हे तू वर कळवलंस. पुन्हा कळवलंस. उत्तर आलं, तिथला आकडा उत्तम आहे. त्यानं स्वतःचा जीव घेतला, हे तू मला सांगितलंस ते आज ऊन आहे म्हणावं तसं, आणि लगेच विचारलंस, तुझे गुडघे काय म्हणतात? मी काय म्हटलं मला आठवत नाही. तुझा आवाज तेवढा आठवतो. बाळा, तू त्याचं न बोललेलं ऐकलं होतंस. ऐकलं नाही ते दुसऱ्यांनी.

परवा तुझं पार्सल आलं. तुझी किटली, मफलर, दादाचा चष्मा, ज्याला तू तुझ्या बापाची आठवण म्हणून कुणालाच हात लावू द्यायचा नाहीस. आणि तळाशी धुलाईघराची चादर, तुझ्या नव्या घरासाठी मी दिलेली. वर चिठ्ठी, ‘जागा अडते.’ ज्यानं जन्मात मोजे जोडीनं ठेवले नाहीत, त्यानं एकट्यानं चादरीची घडी घातली होती, काठाला काठ जुळवून. मी ती घडी बघितली आणि चादर तशीच पिशवीत घातली. मग मिळेल त्या गाडीनं निघाले.

आता सांगूनच टाकते. हा आगाऊ दिवा तुझ्याच जिन्यातला आहे. मघाशी आतून म्हणालास ना, आत्या तू जा, मी ठीक आहे? मी गेले नाही. पायऱ्यांवर नुसते पाय वाजवले आणि परत येऊन तुझ्या दाराला टेकून बसले. लपवाछपवी नको: खालच्या बाईंकडे तुझी दुसरी किल्ली आहे, त्या कामावरून निघाल्यात, येताना डॉक्टरीणबाईंना घेऊन येतायत. दार उघडणार आहेच. पण ते तुझ्या हातानं उघडावं, म्हणून हे लिहिलं. तुझ्या येरझाऱ्या मला ऐकू येतात. त्या चालू होत्या तोवर मी लिहीत होते. आत्ता त्या थांबल्यात, म्हणून पुरे. या कागदाबरोबर दाराच्या फटीतून चादरीचं एक टोक आत सरकवतेय. दुसरं माझ्या मुठीत आहे. काही बोलू नकोस, मीही विचारणार नाही. नुसतं ओढ. तू ओढलंस की मी ओढते, आणि मग दोघं चालत येऊ. जमिनीला लागलं तर लागू दे, इथे मुकादम नाही. ओढ, बाळा.

तुझीच, दाराला टेकून बसलेली
आत्या