देवीला रोग म्हणत नाहीत

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता जरा थांबावं लागतं. मी तुम्हाला बोलले ते वाक्य मात्र जिभेवरच असतं. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी इकडचं तिकडचं सांगत बसणार, हे तुम्ही ओळखलं असेलच.

मी सिडनीत आहे. जनावरांतून माणसांत येणाऱ्या विषाणूंवर काम करते, म्हणजे घोडे, वटवाघळं, त्यांचं रक्त, त्यांची लाळ. कोविड आला तसे घोड्यांचे नमुने फ्रीझरमध्ये गेले आणि माणसांच्या नाकातले आले. मराठी-हिंदी येतं म्हणून लॉकडाऊनमध्ये मला घरोघरी फोन करून लक्षणं विचारायलाही बसवलं. पेंडल हिल, गिरावीन, ब्लॅकटाउन ही इथली उपनगरं, यादीत सगळी आपलीच माणसं. "कोविडची काही लक्षणं?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "नाही हो ताई, ऑल गुड. नो वरीज." मागे कुणीतरी खोकतंय. "ते ना, हे-फीव्हर आहे त्याला, फुलांची ॲलर्जी." शिफ्ट जाईल, शेजारीपाजारी बोलतील, नावाचीच धास्ती. मी मुकाट्याने 'नाही' टाइप करायचे. तिसऱ्या दिवशी माझा हात अडला. हे 'नाही' मी पूर्वीही एकदा लिहिलं होतं.

मी प्रबंधासाठी आपल्या गावाजवळच्या वाडीवर म्हशी तपासत होते. हातात छापील फॉर्म: जनावरास कोणता रोग झाला होता काय? प्रत्येक घरातून उत्तर आलं, नाही. तुम्ही गुरांच्या दवाखान्यातले ड्रेसर, जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. त्या दिवशी रजा काढून माझी पिशवी धरून मागे उभे होतात, आणि तिथे एक शब्द बोलला नाहीत. बोललात ते घरी, आई भाकरी थापत होती तेव्हा.

"अगं, त्यांच्या म्हशींना देवी आल्यात. सडांवर फोड आहेत. पण देवीला कुणी रोग म्हणत नाही, ती कोपते. तू रोग विचारलास, ते नाही म्हणाले. यात खोटं कोण बोललं? दुखण्याचं नाव आपण आधी घेऊ नये. धार काढताना हात चुरचुरतात का, एवढं विचार. बाया आपणहून बोटं पुढे करतील."

प्रबंध द्यायला चारच दिवस उरले होते. मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही ड्रेसर आहात. पट्ट्या बांधा. संशोधन माझं मला करू द्या."

आईचा हात भाकरीवर थांबला. तुम्ही तांब्यातलं पाणी प्यालात, "बरं" म्हणालात आणि उठलात. एवढंच. तुम्ही रागावला असतात तर मला भांडता तरी आलं असतं.

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी एकटी वाडीवर गेले होते. पहिल्याच घरातल्या बाईला हात चुरचुरतात का विचारलं, आणि तिने पदराखालून दोन्ही हात काढले. बोटांवर फोड. म्हशीचेच. मी पाहिलं, घरी आले आणि प्रबंधात 'रोग आढळला नाही' असंच ठेवलं. त्याच प्रबंधावर मी इथे आले. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. वाडीचं पुढे काय झालं, हे तुम्ही मला फोनवर एकदाही विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

तर फोनवरच्या त्या तिसऱ्या दिवशी गिरावीनच्या एका काकूंशी बोलताना मी आजाराचं नावच घेतलं नाही. विचारलं, "काकू, जेवण झालं का? आमटी कशी झाली होती?"

"कसली आमटी गं! दोन दिवस तोंडाला चवच नाही. ह्यांनाही तेच. आणि सासूबाई तर नुसत्या पडून आहेत."

त्यांच्या सासूबाई वेळेवर हॉस्पिटलमध्ये पोचल्या, आणि घरी परतल्या. मग आम्ही सगळेच तसं विचारू लागलो. ऑनलाइन मीटिंगमध्ये बॉस म्हणाला, "दॅट्स गोल्ड, मेट! हू टॉट यू दॅट?"

"माय डॅड," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुमचं देणं मान्य करत होते.

"ओह, वॉज ही अ व्हेट?" म्हणजे गुरांचे डॉक्टर होते का.

"येस," मी म्हणाले.

कुणी सक्ती केली नव्हती. ड्रेसर म्हटलं असतं तर ते "हाउ लव्हली" म्हणाले असते आणि पुढच्या विषयाकडे वळले असते. पण मला तुमची लाज वाटली, अप्पा. केस पांढरे झाल्यावरही वाटली.

खरं सांगायचं तर आज मी विद्यापीठाला लिहायला बसले होते, माझ्या प्रबंधातली नोंद चुकीची आहे म्हणून. चूक कुणी दाखवली, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावं लागणार होतं. 'माझे वडील' इथपर्यंत लिहिलं आणि अडले. मग तो कागद बाजूला सारून तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्हाला लिहिलेलं पाठवावं लागत नाही.