बिअरसोबत संपलेले गरे

पवई, रविवार

ती. आईस,
जान्हवीचा नमस्कार. आम्ही बरे आहोत, काळजी नको.

तू पाठवलेले तळलेले गरे देवापुढे ठेवायच्या आधीच संपले. काल यज्ञेशने मित्र बोलावले, बिअर आणली आणि मला न विचारता फणसाच्या गऱ्यांचा डबा उघडला. वर एकजण म्हणतो, "वहिनी, चकणा झकास हां!" तुझ्या हातच्या गऱ्यांना चकणा!

आता यज्ञेश म्हणतो, "आईंना लिही ना, शेजाऱ्यांना आवडले, अजून पाठवा." मी तुला खोटं लिहिणार नाही.

तुझा खांदा कसा आहे? खरं सांग. इतक्यात कढईपुढे बसू नकोस. मे महिन्यात जावयालाच तिकडे पाठवते. फणस त्यालाच फोडायला लाव, त्याच्या हातांनाही चीक लागू दे.

तुझी,
जान्हवी