सयाजीमामांच्या पोटातला गोळा आणि वॉर्डातला मऊ भात

तीर्थरूप सयाजीमामांच्या पायांवर वाशीहून भाचा राजवर्धनचं डोकं. मामींचे गुडघे, म्हशीचं दूध आणि तुमच्या पोटातला तो गोळा (खोकल्यावर बाहेर येणारा) सगळं जागच्या जागी असेल अशी आशा करतो.

तुम्ही फोनवर म्हणालात, "आप्रेशन करनार न्हाय. पोट फाडत्यात ते फाडत्यात, वर उपाशी ठेवत्यात. जल्मभर मार्केटात गोणी वाह्यल्या, पर उपाशी कंदी झोपलो न्हाय." म्हणून इथल्या हॉस्पिटलात चौकशीला गेलो, तर तिथे नोकरीच लागली. (न्हावा शेवा बंदरातली सुटली. कंटेनरवाल्यांचं आणि माझं सकाळ कधी होते यावर जमलं नाही.)

तर या हॉस्पिटलात पोटाच्या ऑपरेशनवर संशोधन चालू आहे. डॉक्टर विजयमाला मॅडम पेशंटला विचारून, चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी मऊ भात, दुसऱ्याला सकाळपर्यंत नुसतं पाणी. मग कोण लवकर बरं होतं ते बघायचं. माझं काम, वॉर्डात बसून कोण काय खातं यावर लक्ष ठेवणे. म्हटलं, हे तर मी लहानपणापासून फुकट करतोय.

पण भेटायच्या वेळेला घोळ झाला. जासईच्या मालतीबाई नवऱ्यासाठी भात घेऊन आल्या. नवरा हर्नियाचाच, म्हणजे तुमच्यासारख्याच गोळ्याचा, भाताच्या गटातला. शेजारचा पाण्याच्या गटातला. बाई म्हणाल्या, "बाजूला मानूस उपाशी नि आमी जेवायचा? असा कुठं असतं?" आणि वाढला त्यालाही, वर तूप. मी अडवायला उठलो होतो, शपथ. तर मलाच म्हणाल्या, "तू पन बस रं, तोंड बघ कसा सुकलंय." मी बसलो. (तूप घरचं होतं.) मग पलीकडची खाट, मग तिच्या पलीकडची. आणि भाताच्या गटातले सुभाषराव? त्यांची नेमकी एकादशी! ते नुसतं पाणी प्यायले.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आता कोण कशामुळे बरं झालं, ते कळणार कसं?" मी म्हटलं, "पण मॅडम, बरे झाले ना?" त्यांनी माझ्या हातातली नोंदवही काढून घेतली. मी बरोबर बोललो की चूक, ते मला अजून समजलेलं नाही.

सगळे मात्र आपल्या पायांनी घरी गेले. सुभाषराव तर जिन्याने. (लिफ्ट बंद होती.) तुमच्या गोळ्याबद्दलही विचारलं. मॅडम म्हणाल्या, तो एकदा अडकला की चिठ्ठ्या टाकायलाही वेळ मिळत नाही, लगेच आणा. हे एवढंच वाक्य मला नीट समजलं. तेव्हा मामा, या.

ता. क. भात की पाणी, ते चिठ्ठीवर. माझा वशिला चालणार नाही. कालपासून मला वॉर्डात घेतच नाहीत.

ता. क. दुसरा. म्हणजे नोकर म्हणून घेत नाहीत, पेशंटचा नातेवाईक म्हणून घेतात. खाटेशेजारी झोपताही येतं. खोलीवाल्याने मला शनिवारी निघायला सांगितलंय, तेव्हा तुम्ही शुक्रवारी ॲडमिट झालात तर दोघांचीही सोय होईल.

ता. क. तिसरा. एकाच नातेवाइकाला राहू देतात, म्हणून मामींना आणू नका. डबा मात्र त्यांनी दोघांचा द्यावा. तुम्ही पाण्याच्या गटात निघालात, तर दोन्ही वाटे मीच संपवीन. संशोधन एकदा बिघडवलंय, पुन्हा बिघडू देणार नाही.