ब्रह्मपुत्रेच्या काठावरची फळी

कोल्हापूर, मंगळवार, ८ नोव्हेंबर २००५

सिद्ध करायचे ते असे : आसामचा नौकाप्रवास आम्हा पतिपत्नीला शक्य नाही.

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. निष्कर्षाला वेळ लागला नाही. आज प्रवास कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले, की तिकडे पक्के धक्के नाहीत. बोट वाळूला लागते आणि उतरायला एक फळी टाकतात. अर्धांगवायूनंतर सुमनचा उजवा पाय उचलत नाही. म्हणून माजुली बेट गेले, काझीरंगा गेले, शिवसागरची देवळे गेली. चढायलाही तीच फळी. म्हणजे बोटही गेली.

संध्याकाळी नकाशा उघडून तिने रोजच्यासारखे विचारले, "आज कुठं उतरायचं ओ?"

मी फळीसकट सगळे क्रमाने मांडले.

"पाय माझाच हाय की," ती म्हणाली. "मला ठावं न्हाय व्हय? महिनाभर रोज सांजचं तुमच्यासंगं फिरत होते, तेवढंच बरं वाटत होतं."

मग एका हाताने नकाशाची घडी घालू लागली. जमेना. मी पुढे झालो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, प्रोफेसर."

युक्तिवाद पुन्हा तपासला. दोष नाही. फळीची रुंदीसुद्धा विचारून घेतली होती. पण उद्या संध्याकाळी आम्ही कशाविषयी बोलणार?

चूक एकच, आणि ती माझी : सुमन प्रवास ठरवत नव्हती, माझ्याशी बोलत होती. हे मी ओळखले नाही.

— द. वि.